पेमेंटच्या पानाची कुळकथा

ऑनलाइन खरेदीच्या शेवटी उघडणाऱ्या पानावर चार चौकटी असतात: कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याचा महिना व वर्ष, कार्डावरचे तीन गुप्त अंक आणि कार्डधारकाचे नाव. त्याखाली पैसे भरण्याचे बटण, आणि ते दाबले की ओटीपी मागणारे पान. ही मांडणी कुणा एकाने एका बैठकीत आखलेली नाही. कुठे फसवणूक झाली, कुठे तक्रारींचा ढीग साचला, आणि त्यावरचा इलाज म्हणून एकेक चौकट या पानावर आली. त्यामुळे पेमेंटच्या पानाचा इतिहास सांगायचा तर ग्राहक सेवेचा इतिहासही सोबत सांगावा लागतो.

या पानाचे मूळ अमेरिकेतल्या टपाल-विक्रीच्या छापील अर्जात आहे. कॅटलॉगमधून वस्तू निवडायची, अर्जावर नाव, पत्ता, कार्ड क्रमांक आणि मुदत लिहायची आणि पाकीट टपालात टाकायचे. दुकानात कार्डाचा ठसा घेतला जाई, ग्राहक समोर उभा राहून सही करी. टपालाच्या व्यवहारात दुकानदाराला ना कार्ड दिसे ना माणूस. वेबवरची खरेदी बँकांच्या लेखी आजही याच वर्गात मोडते.

कार्डे पसरली तीही टपालानेच. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे कुणी मागितलेली नसताना घरोघरी पाठवली. इतर बँकांनीही तोच मार्ग धरला आणि चोरीला गेलेल्या, भलत्याच्या हाती पडलेल्या कार्डांची प्रकरणे वाढली. १९७० मध्ये कायद्याने न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी घातली आणि परक्याने कार्ड वापरले तर ग्राहकावर पडणारा बोजा ५० डॉलरपर्यंत मर्यादित केला. १९७४ च्या ‘फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट’ने बिल पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेण्याचा हक्क दिला. पेमेंट कंपन्यांच्या ग्राहक सेवेत आज ‘चार्जबॅक’ नावाने चालणारे, हरकत घेतलेली रक्कम दुकानदाराकडून परत घेण्याचे काम अमेरिकेत या कायद्यांच्या आधाराने वाढले. पुढची जवळजवळ प्रत्येक चौकट हा चार्जबॅक टाळण्यासाठी आली आहे.

क्रमांकाच्या चौकटीत मात्र त्याहून जुने एक गणित दडलेले आहे. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये लांबलचक क्रमांक तपासण्याच्या एका छोट्या यांत्रिक उपकरणासाठी पेटंटचा अर्ज केला. ते १९६० मध्ये मंजूर झाले. रीत सोपी आहे. उजवीकडून एक अंक सोडून पुढचा अंक दुप्पट करायचा, उत्तर दोन अंकी आले तर त्यातून ९ वजा करायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला तरच क्रमांक ग्राह्य. प्रोग्रामर चाचणीसाठी वापरतात तो ४१११ ११११ ११११ ११११ हा क्रमांक घेतला तर बेरीज ३० येते. एक अंक चुकला तर ही रीत ती चूक हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी पकडते, फक्त ०९ आणि ९० यांची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. ग्राहकाने चुकीचा आकडा टाकताच चौकट लाल होते तेव्हा बँकेला अजून काहीही विचारलेले नसते. हे गणित ब्राउझरमध्येच उरकते, आणि एक नाकारलेला व्यवहार व त्यामागून येणारा एक फोन वाचतो.

वेबवर अर्ज आला तो वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेतून. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझरमध्ये चौकटी भरता येऊ लागल्या आणि नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये त्यांना प्रमाणित रूप मिळाले. दरम्यान ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेतल्या नेटमार्केट या कंपनीमार्फत गायक स्टिंगच्या एका सीडीची विक्री झाली: किंमत १२.४८ डॉलर, टपालखर्च वेगळा. कार्डाची माहिती सांकेतिक रूपात पाठवून झालेली वेबवरची ही पहिली खरेदी मानली जाते. त्यासाठी ग्राहकाला खास ब्राउझर वापरावा लागला. सर्वसामान्यांची ही अडचण नेटस्केपने १९९५ मध्ये ‘एसएसएल’ आणून सोडवली. नेटस्केपच्या खिडकीत खालच्या कोपऱ्यात एक किल्ली दिसे. दुवा सुरक्षित असला की अखंड, नसला की तुटलेली. किल्लीची जागा पुढे कुलपाने घेतली. फसवी संकेतस्थळेही कुलूप मिळवू लागल्याने क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून ते काढून टाकले. निर्णय योग्यच होता, कारण कुलूप दिसले म्हणजे दुकानही खरे, असे असंख्य लोक धरून चालले होते.

तीन गुप्त अंकांची चौकट क्रमांक आणि मुदतीची चोरी सोपी झाल्यामुळे आली. दुकानातल्या पावतीच्या कार्बन प्रतीवर या दोन्ही गोष्टी उमटत. म्हणून ठशात न उमटणारी आणि चुंबकीय पट्टीतही नसलेली एक संख्या कार्डावर सपाट छापायची ठरले. कल्पना ब्रिटनमध्ये १९९५ च्या सुमारास आकाराला आली. मास्टरकार्डने १९९७ मध्ये, अमेरिकन एक्स्प्रेसने १९९९ मध्ये आणि व्हिसाने अमेरिकेत २००१ मध्ये ती अमलात आणली. अमेरिकन एक्स्प्रेसचे अंक चार असतात आणि ते कार्डाच्या पुढच्या बाजूला असतात. म्हणूनच या चौकटीशेजारी कार्डाचे छोटे चित्र काढून जागा दाखवावी लागते. डिसेंबर २००४ मध्ये कार्ड कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘पीसीआय डीएसएस’ नियमांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर ही संख्या साठवून ठेवता येत नाही.

ग्राहक सेवेकडे केलेले दुर्लक्ष किती महाग पडते, हे पेपॅलच्या सुरुवातीच्या काळात दिसले. मार्च २००० मध्ये पेपॅल चालवणारी कॉन्फिनिटी आणि एक्स डॉट कॉम या दोन कंपन्या एकत्र आल्या. खातेदार भराभर वाढले आणि उत्तर न मिळालेल्या ई-मेलचा डोंगर झाला. अखेर कॅलिफोर्नियापासून दूर, नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात ग्राहक सेवेचे केंद्र उभारावे लागले. कॉल सेंटरच्या कामात मुरलेली माणसे तिथे होती. त्याच काळात यंत्राकरवी हजारो खोटी खाती उघडणाऱ्या टोळ्यांना आवर घालण्यासाठी डेव्हिड गॉसबेक आणि मॅक्स लेव्हचिन यांनी नोंदणीच्या पानावर चित्रातली अक्षरे ओळखायला लावली. कॅप्चाच्या पहिल्या व्यापारी वापरांपैकी हा एक. संजय भार्गव यांच्या कल्पनेनुसार बँक खात्यात दोन अगदी छोट्या रकमा जमा करून त्या किती आहेत हे ग्राहकाला विचारले जाऊ लागले. खाते त्याचेच असल्याची खात्री फोन न करता होऊ लागली.

पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या आयरिश भावांची स्ट्राइप कंपनी २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा पानामागची रचनाच बदलली. कार्डाचा क्रमांक दुकानदाराच्या सर्व्हरवर न जाता ब्राउझरमधून थेट पेमेंट कंपनीकडे जाऊ लागला आणि दुकानदाराच्या हाती फक्त एक सांकेतिक टोकन येऊ लागले. चौकटीही शहाण्या झाल्या. कार्डावर अंक चार-चारच्या गटांत छापलेले असूनही कित्येक जुनी पाने मध्ये मोकळी जागा सोडलेला क्रमांक नाकारत. ग्राहक कार्डावर दिसते तसेच टाइप करतो, त्यात त्याचे काहीच चुकत नाही. मोकळ्या जागा गाळणे हे प्रोग्रामरचे काम आहे. नव्या चौकटी अंक आपोआप गटांत मांडतात आणि सुरुवातीच्या अंकांवरून कार्डाची जात ओळखतात: ४ म्हणजे व्हिसा, ३४ किंवा ३७ म्हणजे अमेरिकन एक्स्प्रेस.

भारतात बिलडेस्क (२०००) आणि सीसीअ‍ॅव्हेन्यू (२००१) या सुरुवातीच्या कंपन्या मुंबईत निघाल्या. इथल्या पानाला वेगळे वळण लागले ते रिझर्व्ह बँकेच्या १८ फेब्रुवारी २००९ च्या आदेशाने. कार्डावर न दिसणाऱ्या माहितीच्या आधारे ग्राहकाची आणखी एकदा ओळख पटवणे १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारांना बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा असा नियम लागू व्हायला सप्टेंबर २०१९ उजाडला. सुरुवातीला बँका कायमचा पासवर्ड मागत, पुढे एसएमएसने येणारा ओटीपी रुळला. यासाठी वापरलेल्या ‘३-डी सिक्युअर’ पद्धतीवर केंब्रिजच्या स्टीव्हन मर्डोक आणि रॉस अँडरसन यांनी २०१० मध्ये कडक टीका केली: बँकेचे पान दुसऱ्या पानाच्या आत उघडले की त्याचा पत्ता दिसत नाही, मग ते खरे की बनावट हे ग्राहकाने ओळखायचे कसे? आक्षेप रास्त होता.

या जादा टप्प्याने फसवणुकीला चाप लावला, पण एक नवी तक्रार जन्माला घातली: ‘पैसे कट झाले, ऑर्डर झाली नाही.’ ग्राहक दुकानाच्या पानावरून पेमेंट कंपनीच्या गेटवेकडे, तिथून बँकेकडे जातो आणि त्याच वाटेने परततो. बँकेने पैसे वळते केल्यावर परतीच्या वाटेत फोनची रेंज गेली, तर दुकानाला काहीच कळत नाही. ‘पान रिफ्रेश करू नका, बॅकचे बटण दाबू नका’ ही सूचना त्यातूनच आली. सूचना लिहिणे हा दुबळा इलाज आहे, कारण घाबरलेला माणूस बटण पुन्हा दाबतोच. खरा इलाज पडद्यामागे आहे. प्रत्येक प्रयत्नाला एक अनन्य क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर नव्याने पैसे न घेता पहिलेच उत्तर परत देतो. शिवाय ब्राउझरच्या भरवशावर न राहता गेटवे निकाल दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो. तरीही राहिलेल्या प्रकरणांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी मुदती ठरवल्या. ऑनलाइन कार्ड व्यवहारात पैसे गेले आणि दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता.

एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या यूपीआयने कार्डाच्या चारही चौकटी बाजूला सारल्या. तिथे उरली फक्त पिनची चौकट, आणि तीही अ‍ॅपच्या मालकीची नाही. अ‍ॅप कोणत्याही कंपनीचे असो, पिन घेणारा पडदा राष्ट्रीय देयक महामंडळाने पुरवलेल्या सामाईक प्रणालीतून उघडतो. म्हणून तो सगळीकडे जवळपास सारखा दिसतो आणि अ‍ॅपला पिन कळत नाही.

कार्डाच्या पानावरही साठवलेला क्रमांक राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदाराला किंवा गेटवेला ग्राहकाचे पूर्ण कार्ड जतन करता येत नाही. त्यांच्याकडे टोकन असते, आणि व्यवहाराचा माग काढण्यासाठी कार्डाचे शेवटचे चार अंक व कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव एवढेच ठेवण्याची मुभा आहे.