मागायचं तरी काय?

निवडणूक जवळ आली की देवळं, दर्गे, चर्च सगळीकडे नेत्यांची गर्दी होते. पद मिळू दे, मग अमुक करतो. हसायला नको, वडिलांच्या आजारपणात मीही नवस बोललोय. म्हणूनच सोळाशे वर्षांपूर्वीचं एक पत्र वाचताना जरा थबकलो.

इ.स. 410. अलारिकच्या गॉथ फौजेने तीन दिवस रोम लुटलं. साम्राज्यातल्या अतिश्रीमंत घराण्यातली प्रोबा ही विधवा, सून आणि नात यांच्यासह समुद्र ओलांडून आफ्रिकेत आली. प्रार्थना कशी करावी, असं तिने हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला विचारलं. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा.

गेलेलं वैभव परत माग, असं काही ऑगस्टीनने लिहिलं नाही. त्याचं म्हणणं असं: पैसाअडका कितीही असो, आधी स्वतःला निराधार समज आणि मग खऱ्या सुखाचं जीवन माग. आरोग्य, मैत्री, गरजेपुरतं अन्नवस्त्र मागण्यात काहीच गैर नाही. अधिकारही चालेल, पण हाताखालच्या माणसांचं भलं करण्यासाठी. नुसत्या हव्यासापोटी धन आणि मान मागणाऱ्याने, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत हे मागणं कुठे बसतं ते शोधून पाहावं. सापडणार नाही. अशी इच्छा धरायला लाज वाटत नसेल, तर निदान मागायला तरी वाटावी!

मग देवाला सगळं ठाऊक असताना मागायचंच कशाला? ऑगस्टीन म्हणतो, देवाला कळावं म्हणून नाही. प्रार्थना ही आपल्या इच्छेची तालीम आहे. देव जे द्यायला बसलाय, ते घेण्याइतकं मन मोठं व्हावं म्हणून.

हे लिहिणारा माणूस काही जन्मजात संत नव्हता बरं का. तरुणपणी त्यानेच देवाकडे संयम मागितला होता, पण लगेच नको, अशी अट घालून. ही कबुली त्याने स्वतःच 'कन्फेशन्स'मध्ये देऊन ठेवली आहे. त्याचा बाप्तिस्मा झाला 387 साली, वयाच्या बत्तिशीत.

वडिलांसाठी मागितलं, त्यात चूक नव्हती. पण देवाशी सौदा केला, ते आता खटकतं. आणि नेत्यांबद्दल म्हणाल, तर देवासमोर रांगेत उभ्या असलेल्या उमेदवाराला एकच विचारावंसं वाटतं: पद मागताय, ते कुणासाठी?