बॅबिलॉन आणि आपला मुका हिरो

आजचा एपिसोड एका निराशेतून आलाय. डेमियन शझेलचा 'बॅबिलॉन' पाहिला. ब्रॅड पिट, मार्गो रॉबी, 1920 च्या दशकातलं हॉलिवूड, मूकपट जाऊन बोलपट येतायत तो काळ. म्हटलं, इतिहासवेड्यांना मेजवानी! पण तीन तास नऊ मिनिटांनंतर डोकं जड झालं आणि हाती फार काही लागलं नाही.

एक सीन मात्र जबरदस्त आहे. सेटवर पहिल्यांदा माईक आलाय, आवाजामुळे सगळं बंद करून घामाघूम होऊन रिटेकवर रिटेक चाललेत. बाकी वेळ पार्ट्या, हत्ती आणि नशा. नायिकेला 'नीट बोलायला' शिकवतात, इथे खरी गोष्ट सुरू व्हायला हवी होती. पण तो धागा एका पार्टीतल्या उलटीच्या विनोदात संपतो.

आता हीच गोष्ट आपल्याकडे कशी घडली, ते ऐका.

14 मार्च 1931. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात भारतातला पहिला बोलपट लागला, अर्देशीर इराणींचा 'आलम आरा'. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून शूटिंग बरंचसं रात्री, गाड्या थांबल्यावर व्हायचं. माईक कलाकारांच्या आसपास लपवलेले.

हिरो होता मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीत तयार झालेला, मारामारीच्या मूकपटांचा स्टार. 'आलम आरा'साठी त्यानं जुन्या कंपनीचा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्याचे वकील होते बॅरिस्टर जिना! केस जिंकला. पण सिनेमा होता हिंदुस्तानीत, आणि विठ्ठलचे उच्चार काही जमेनात. मग उपाय काय? त्याचं पात्र बराच वेळ अर्धवट शुद्धीत दाखवलं. म्हणजे पहिल्या बोलपटाचा हिरोच जवळपास मुका!

दुसरी गोष्ट सुलोचनाची. खरं नाव रुबी मायर्स, जन्म पुण्याचा, ज्यू कुटुंबातली. सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे पोटच आवाजावर चालायचं. मूकपटांत ती सर्वांत मोठी स्टार झाली. बोलपट आले आणि तिचं हिंदुस्तानी कच्चं निघालं. तिनं काय केलं? काम थांबवलं, भाषा शिकली, आणि 1932 मध्ये स्वतःच्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलपटातून परत आली. पुढे 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

म्हणजे प्रश्न आवाजाचा कमी आणि भाषेचा जास्त होता. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. पाट्या बदलल्या की झालं. आपला हिंगोलीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत, घरात मराठी. अशा देशात पडदा बोलायला लागला की पहिला सवाल हाच, कुठल्या भाषेत? 1932 मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी, दोन्हींत काढला, तो त्याच सवालाला दिलेला जबाब. ज्या बदलानं विठ्ठलचं तोंड बंद केलं, त्याच बदलानं मराठी बोलपट जन्माला घातला.

मला 'बॅबिलॉन'मध्ये हे हवं होतं. कारण ही गोष्ट जुनी झालेली नाही. वसमत, कळमनुरी, सेनगावची किती पोरं आजही पुण्यात इंटरव्ह्यूला बसतात. कोड लिहिता येतो, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की विठ्ठल होतो. काहीजण सुलोचनासारखी थांबून शिकतात. पण शिकायला वर्षभर कमाई सोडणं सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं.

'आलम आरा'ची एकही प्रिंट आज उरलेली नाही. त्यामुळे विठ्ठल त्यात जे काही थोडं बोलला असेल, तेही आपल्याला ऐकता येत नाही.