कुंजपुऱ्याच्या तटाआतून

१९९१ च्या जून महिन्यात वडिलांनी माझी काळी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि मला साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये सोडून ते त्याच गाडीने परतले. ते स्वतः एसटीत कंडक्टर, रजा एका दिवसाचीच होती. तीस वर्षांनी बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा त्यावर पुन्हा सैनिक स्कूल लिहिलेले होते. या खेपेला हरियाणातले, कर्नालजवळचे कुंजपुरा. प्रत्येक सैनिक स्कूलमध्ये सेवेतले दोन-तीन लष्करी अधिकारी कारभार पाहतात, त्यांतला एक म्हणून मी निघालो. पलटणीतला मित्र म्हणाला, "यार, आता पोरांची हजेरी घेणार?" बदली मी मागून घेतली होती, हे त्याला सांगितले नाही.

या शाळा कशासाठी निघाल्या, हे शाळेत असताना आम्हाला कुणी नीट सांगितले नव्हते. आम्हाला एवढेच ठाऊक की एनडीएत जायचे. फौजेत अधिकारी कोण होतो, हा त्यामागचा खरा प्रश्न. डेहराडूनचे मिलिटरी कॉलेज १९२२ मध्ये निघाले, पण तिथे पोचणारी घरे मोजकी. स्वातंत्र्यानंतरही अधिकारी ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक थरांतूनच येत राहिले. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी त्यावर १९६१ मध्ये हा तोडगा काढला. राज्याने जमीन आणि इमारती द्यायच्या, केंद्राने अधिकारी द्यायचे आणि मुले सगळ्या थरांतून घ्यायची. २३ जून १९६१ ला साताऱ्याची पहिली शाळा उघडली. त्याच वर्षी कपूरथळा, बालाचडी, कुंजपुरा आणि चित्तोडगड. (लखनौची शाळा त्याआधी वर्षभर सुरू झाली होती, पण ती उत्तर प्रदेश सरकारची. लखनौवाले हे प्रत्येक पार्टीत ऐकवतात.) कपूरथळ्याची मुले महाराजांच्या जगतजित राजवाड्यात बीजगणित शिकतात. बालाचडीला दुसऱ्या महायुद्धात जामसाहेबांनी पोलंडच्या निर्वासित मुलांना आसरा दिला होता. कंडक्टरचा मुलगा कर्नल होऊ शकतो, तो या व्यवस्थेमुळे. मात्र फीचे आकडे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज रोज हाताखालून जाऊ लागले, तेव्हा मेनन यांचा हिशेब अजून जुळतो का, हा प्रश्न मला पडू लागला. तशा घरातला मुलगा आजही येतो. त्याच्या वडिलांना माझ्या वडिलांपेक्षा जास्त कागद गोळा करावे लागतात, एवढे मात्र नक्की.

पहिल्या आठवड्यात रात्री लाइट्स आउटनंतर सहावीच्या डॉर्मिटरीवरून चक्कर मारली. कोण झोपले आहे आणि कोण उशीत तोंड खुपसून रडते आहे, हे मला दारातूनच कळले. ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आता कुंजपुऱ्याकडे येतो. मराठी माणसाला पानिपत पाठ असते, कुंजपुरा नसते. ऑगस्ट १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, पण फौजेला दाणागोटा पुरेना. अब्दाली यमुनेच्या पलीकडे, नदीला पूर. अलीकडच्या काठावर कुंजपुऱ्याच्या गढीत त्याच्यासाठी रसद साठवलेली. ऑक्टोबरच्या मध्यावर मराठे त्या गढीवर चालून गेले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी तट फोडला. अब्दुस्समदखान आणि नजाबतखान पडले. बुराडी घाटावर दत्ताजी शिंद्यांचे शिर कापणारा कुत्बशाह हाती लागला आणि त्याचेही शिर उतरवले गेले. धान्य, घोडे, तोफा, रोकड असे सगळे मिळाले. दसरा तिथेच झाला. फौज कुरुक्षेत्राच्या रोखाने पुढे सरकली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली दक्षिणेला बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठ्यांच्या मधे येऊन बसला. पुढचे १४ जानेवारीपर्यंतचे सर्वांना माहीत आहे.

हे सगळे मी एका शनिवारी नववीच्या मुलांना नकाशा लावून सांगितले. खरे सांगायचे तर रंगून सांगितले. दत्ताजींचा सूड आला तेव्हा माझा आवाज चढला असणार. रोड समाजातली दोन मुले ताठ बसली होती. त्यांच्या घरांत आपण पानिपतावरून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज असल्याचे सांगतात. इतिहासकारांत त्यावर एकमत नाही, पण त्या दिवशी मी तो वाद काढला नाही.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. कुंजपुरा गावातलाच. "सर, पर लूटा तो हमारा ही गाँव था ना?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. पंचवीस वर्षांची नोकरी, त्यांतली बरीचशी काश्मीर आणि ईशान्येत. तट फुटल्यावर आत राहणाऱ्या माणसांचे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तरीही कुंजपुरा सांगताना मी एकदासुद्धा तटाच्या आत गेलो नव्हतो. "हो, तुझेच गाव," एवढेच म्हणालो आणि तास संपवला.

नंतर त्याची फाइल पाहिली. त्याचे पणजोबा १९४७ मध्ये पश्चिम पंजाबातून सगळे सोडून इथे आले. म्हणजे १७६० मध्ये त्याचे कुणीच या गावात नव्हते. मग माझे तरी भाऊसाहेबांच्या फौजेत कोण होते? आमच्या घरात तशी एकही नोंद नाही. तरीही मी वर्गात "आपण गढी घेतली" असे म्हणालो होतो.

पुढच्या वर्षी तोच धडा वेगळ्या क्रमाने घेतला. आधी गढीतली माणसे, दारात आलेली उपाशी फौज, मग तोफा. रोडांच्या मुलांनी भाऊसाहेबांची बाजू लावून धरली, पहिल्या बॅचमधल्या मुलींपैकी एकीने गढीतल्या बायकांचे काय झाले ते विचारले, आणि भांडण संध्याकाळच्या प्रेपची घंटा होईपर्यंत चालले. आता नकाशा मुलांनाच काढायला देतो, अट एकच: आधी यमुना, मग उतार, मग गावे.

त्या मुलाने वही दाखवली तेव्हा तो अकरावीत होता. यमुना बरोबर होती, बागपतही जागेवर होते. कुंजपुऱ्याचा ठिपका मात्र पानिपताच्या दुप्पट काढलेला होता. मी तो खोडायला सांगितला नाही.