मावळचा मतदार आणि एकत्र निवडणुका

लोणावळ्यापासून वडगांवपर्यंतच्या मावळांतील मतदारानें २०१९ सालीं सहा महिन्यांच्या आंत दोनदां मत दिलें. २९ एप्रिल रोजीं लोकसभेचें मतदान झालें. मावळ लोकसभा मतदारसंघांत शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांनीं राष्ट्रवादी काँग्रेसच्या पार्थ पवार यांचा दोन लाखांहून अधिक मतांनीं पराभव केला. २१ ऑक्टोबर रोजीं विधानसभेचें मतदान झालें, आणि मावळ तालुक्यानें त्याच राष्ट्रवादीचे सुनील शेळके यांस राज्यमंत्री बाळा भेगडे यांच्याविरुद्ध नव्वद हजारांहून अधिक मतांनीं विजयी केलें. दोन्ही मतदानें एकाच दिवशीं झालीं असतीं तर? लोकसभा व विधानसभांच्या निवडणुका पुनः एकत्र घेण्याचें विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजीं लोकसभेंत मांडण्यांत आल्यामुळें हा प्रश्न विचारणें प्राप्त आहे.

'पुनः' हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला. १९५१-५२, १९५७, १९६२ व १९६७ या चारही वेळीं आमच्याकडे दोन्ही निवडणुका बरोबरच झाल्या. परंतु तसा नियम घटनेंत नव्हता. दोन्ही सभागृहें एकदम जन्मास आलीं म्हणून त्यांचीं वयें सारखीं होतीं, इतकेंच. ही जोडी राज्यांनीं मोडली असें सांगतात. महाराष्ट्रापुरतें तें खरें नाहीं. डिसेंबर १९७० मध्यें इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून लोकसभाच वर्षभर आधीं विसर्जित झाली. आमची विधानसभा मात्र आपली मुदत पुरी करून १९७२ सालीं मतदारांपुढें गेली. फेब्रुवारी १९८० मध्यें शरद पवारांचें मंत्रिमंडळ बरखास्त झालें, तेंही दिल्लीच्याच हातून.

१९९९ सालीं शिवसेना-भाजप युतीनें सुमारें सहा महिने आधींच विधानसभा विसर्जित करवून दोन्ही निवडणुका जुळवून आणिल्या. त्यांत सोय पाहिली होती. पण हिशेब चुकला. लोकसभेच्या ४८ पैकीं २८ जागा युतीस मिळाल्या, विधानसभेच्या २८८ पैकीं अवघ्या १२५, आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. लढती तिरंगी होत्या हें खरें. तरी एकत्र निवडणुकींत मतदार डोळे मिटून एकाच बाजूस जातो, हें म्हणणें यापुढें जपूनच करावें.

आमची शंका मतदाराच्या बुद्धीविषयीं नाहीं. त्याच्यापुढें कोणता प्रश्न येतो याविषयीं आहे. पवना धरण मावळांत. त्याचें पाणी बंद जलवाहिनीनें पिंपरी-चिंचवडास न्यावयाचें ठरलें. त्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, गोळीबार झाला व तिघे प्राणांस मुकले. आतां लोकसभेचा मतदारसंघ पाहा: मावळ, पिंपरी व चिंचवड, आणि घाटाखालीं कर्जत, पनवेल व उरण. पाणी देणारा व पाणी पिणारा एकाच उमेदवाराचे मतदार! त्यानें दोघांनाही दुखवूं नये म्हणून गप्प राहावें, यांत नवल तें काय? विधानसभेच्या उमेदवारास ही पळवाट नाहीं. त्याला मावळकरालाच उत्तर द्यावें लागतें. दोन्ही सभा एकाच मैदानांत भरल्या तर युद्ध, चलनवाढ व पंतप्रधान यांच्या गर्जनेंत पवनेचें पाणी कितीसें ऐकूं येणार?

वारंवारच्या निवडणुकांनीं खर्च होतो, आचारसंहितेंत कामें अडतात, शाळामास्तरांस वर्ग सोडून केंद्रावर बसावें लागतें, हें सारें आम्हांस मान्य आहे. पण विधानसभा मुदतीपूर्वीं विसर्जित झाल्यास नवीन सभागृहास केवळ उरलेला काळ मिळावा, असेंही त्या विधेयकांत आहे. १९८० सारखा प्रसंग पुनः आला, तर मावळकरानें दोन-अडीच वर्षांपुरता आमदार निवडावयाचा; मग जलवाहिनीचा जाब त्याला विचारावयाचा तरी केव्हां?