पांढऱ्या काठीची गोष्ट

आम्ही तानसा भागातून बोलतोय. आमच्या गटात एक आजी आहेत. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण बचतीचा हप्ता कधी चुकला नाही. मागच्या पावसाळ्यात बैठकीला येताना वाटेतल्या लाकडांच्या मोळीला अडखळून पडल्या. आम्हीच म्हटलं, "आजी, घरीच बसा, पैसे आम्ही येऊन नेऊ." त्या म्हणाल्या, "पैसे न्याल गं, पण मला कोण नेईल?"

मग आम्ही काठीची माहिती काढायला लागलो.

काठी जुनीच, पण ती पांढरी झाली १९२१ साली. इंग्लंडात ब्रिस्टलला जेम्स बिग्ज नावाचे छायाचित्रकार अपघातात आंधळे झाले. रस्त्यावर मोटारी वाढलेल्या. गाडीवाल्यांना आपण दिसावं म्हणून त्यांनी काठीला पांढरा रंग दिला. म्हणजे रंग आंधळ्यासाठी नव्हताच, डोळसांसाठी होता!

चालायची रीत त्यानंतरची. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी लांब, हलकी काठी आणली. ती छातीपर्यंत उंच हवी. उजवं पाऊल टाकताना काठी डावीकडे टेकवायची, डावं टाकताना उजवीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार, ती जागा काठी आधीच तपासते. आजींची काठी कमरेइतकीच होती. मोळी कळायची ती पाय लागल्यावर.

आपल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. त्याच मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली, आजची दादरची अंधशाळा ती हीच. १९५२ साली मुंबईतच राष्ट्रीय अंधजन संघ स्थापन झाला.

साध्या काठीला जमिनीवरचं कळतं, पण वाटेवर झुकलेली फांदी किंवा ट्रॅक्टरबाहेर आलेला बांबू कळत नाही. त्यासाठी दिल्लीच्या आयआयटीने स्मार्टकेन बनवली, २०१४ साली ती बाजारात आली. वटवाघळासारखा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज ती सोडते. तीन मीटरपर्यंत काही आडवं असलं, की मूठ थरथरते. पण खड्डा शोधायला खालची काठी लागतेच, आणि आमच्याकडे पावसात वाटेवर खड्डेच जास्त.

आम्ही आजींच्या छातीपर्यंत माप घेऊन हलका बांबू कापला, पांढरा रंगवला. अंगणात आठ दिवस डावं-उजवं केलं. पहिल्या दिवशी दोन कोंबड्या आणि आमच्या अध्यक्षांची नडगी सापडली. वाटेवर मोळ्या टाकायच्या नाहीत, असं बैठकीच्या वहीत लिहिलं. खाली पहिला अंगठा आजींचा आहे.