बुधवार पेठेतील ग्रंथालय आणि मराठी वाचकाचा प्रश्न

मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण लेखक आणि ग्रंथ यांच्या क्रमाने लिहीत आलो. ग्रंथ कोठे बसून वाचला गेला आणि तो कोणाला हाती घेता आला, हे प्रश्न त्यात फार तर तळटीपेपुरते येतात. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते.

१८४८ साली ही संस्था ‘पूना नेटिव जनरल लायब्ररी’ या नावाने स्थापन झाली. तिच्यामागील प्रमुख प्रेरणा गोपाळ हरि देशमुख यांची. त्याच वर्षी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधून त्यांची ‘शतपत्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. या दोन घटना केवळ समकालीन नाहीत. लोकहितवादी ज्या वाचकाला उद्देशून लिहीत होते, तो तेव्हाच्या पुण्यात फारसा अस्तित्वातच नव्हता. दक्षिणा, पाठांतर आणि पोथी यांभोवती फिरणाऱ्या विद्याव्यवहारात वर्तमानपत्र चाळणारा, मतभेद बाळगणारा वाचक घडवावा लागणार होता. लेखक संबोधनातून आपला वाचक कल्पितो, असे आपण म्हणतो. येथे लेखक त्याच्या बसण्याची सोयही करीत होता.

ही सोय दुसऱ्या बाजीरावाच्या बुधवार वाड्यात व्हावी, यातील विसंगती बोलकी आहे. पेशव्यांची वास्तू सरकारी कचेऱ्यांनी व्यापली आणि तिच्याच आश्रयाने ‘नेटिव’ वाचक वाढू लागला. राज्य गेल्याची खंत आणि नव्या ज्ञानाची ओढ या दोन्हींना एकच छप्पर लाभले. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यातही हाच ताण आढळतो.

मात्र ‘जनरल’ या विशेषणाला फसता कामा नये. याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ मध्येच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. एका ठिकाणी अक्षरओळख असलेल्यांसाठी ग्रंथ, तर दुसऱ्या ठिकाणी जिला अक्षरच नाकारले तिच्यासाठी पाटी. वाङ्मयेतिहासकाराने पहिलीच वास्तू ‘प्रबोधना’ची म्हणून पाहिली, तर त्याची वाचकाची कल्पना आरंभापासूनच तोकडी ठरते.

मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. इंग्रजी वृत्तपत्रांनी तत्काळ पुण्याच्या ब्राह्मणांकडे बोट दाखविले. ग्रंथांचा आसराच अशा रीतीने राजद्रोहाच्या संशयात ओढला गेला. (वाचणाऱ्या नेटिवाविषयी सत्तेला वाटणारे भय येथे अनायासे उघडे पडते.) ग्रंथालय मात्र वाडा गेल्यावरही टिकून राहिले आणि ‘नेटिव’ हा शब्द टाकून ‘नगरा’चे झाले. नामांतरातील हा बदल एका शतकाच्या राजकारणाचा आहे. भिडे वाडा मात्र डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला.