एक हजार कार्षापण : नाशिकच्या कुंभारांकडे ठेवलेली औषधांची ठेव

१/ नाशिकच्या इतिहासाचा विषय निघाला की रामकुंड, काळाराम मंदिर, पेशवाई आणि कुंभमेळा ही नावे प्रथम ओठांवर येतात. कुंभमेळ्याच्या नावातच कुंभ आहे. कुंभ घडवणारा मात्र या कथनात क्वचितच आढळतो. वास्तविक सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या परिसरातील कुंभारांच्या संघटनेकडे लोक विश्वासाने पैसा ठेवीत असत. आजचा धागा त्या ठेवीविषयी.

२/ आरंभ खापरांपासून करू. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी जुन्या नाशकातील गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि प्रवरेकाठच्या जोर्वे या गावी उत्खनन केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. गढीच्या खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या खुणा मिळाल्या आणि नाशिकचा इतिहास सातवाहनांच्या कितीतरी मागे गेला.

३/ ज्या भांड्यांमुळे हे कळले, त्यांना आज ‘जोर्वे’ भांडी म्हणतात. लाल पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगातील नक्षी, तोटीची पात्रे, कंगोरेदार वाडगे. ती चाकावर घडवलेली असून इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारताच धातूसारखा नाद येतो. या संस्कृतीचा काळ स्थूलमानाने इ.स.पू. १४०० ते ७०० असा मानतात. लेखनकला अवगत नसलेल्या या समाजाची ओळख आपल्याला प्रामुख्याने त्याच्या कुंभारांनी करून दिली आहे.

४/ कुंभाराचे काम स्वयंपाकघरापुरते नव्हते. इनामगाव, नेवासे, दायमाबाद येथे घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत मृत बालक, अशी ती रीत होती. आजही अंत्यविधीत मडके लागते, घटस्थापनेला घट लागतो, संक्रांतीला सुगडे लागतात. अर्थात या प्रथा थेट तेथूनच आल्या, असा दावा येथे नाही.

५/ आता पांडवलेण्यांकडे. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. १० क्रमांकाच्या लेण्याच्या आवारात आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील लेख आहे; काळ इसवी सनाचे तिसरे शतक. दान देणारी स्त्री आहे : विष्णुदत्ता. ती स्वतःला उपासिका म्हणवते, शक अग्निवर्म्याची कन्या आणि गणपक रेभिल याची पत्नी अशी ओळख देते.

६/ दानाचा हेतू स्पष्ट आहे : त्रिरश्मीवरील विहारात राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील, त्यांच्या औषधांची तजवीज. त्यासाठी तिने गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघटनांकडे, रकमा ठेवल्या. ‘कुलरिक’ श्रेणीकडे १००० कार्षापण, ‘ओदयंत्रिक’ श्रेणीकडे २०००. तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. संस्कृतात कुंभाराला ‘कुलाल’ म्हणतात.

७/ अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. मुद्दल कधीही मोडायचे नाही, केवळ व्याज खर्चायचे. व्यवहार कसा चाले, हे त्याच लेण्यातील उषवदाताच्या लेखावरून कळते. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा १ टक्क्याने ठेवले. वर्षाला व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब चोख जुळतो. दुसऱ्या श्रेणीकडील १००० कार्षापणांचा दर पाऊण टक्का होता. निगमसभेत हे दान जाहीर करून त्याची नोंदही केली गेली.

८/ विष्णुदत्तेची ठेव साधारण याच दरांनी होती असे गृहीत धरले, तर कुंभारश्रेणीला वर्षाकाठी ९० ते १२० कार्षापण द्यावे लागले असते. एखादा कुंभार मरण पावला, गाव सोडून गेला, तरी देणे थांबणार नव्हते. कारण ठेव व्यक्तीकडे नव्हती, संघटनेकडे होती. राजवटी बदलल्या तरी श्रेणी टिकेल, असा दात्रीचा विश्वास या व्यवहारात गृहीत आहे.

९/ एक बाब विशेष विचारात घेण्याजोगी आहे. भिक्षू वर्षावासासाठी पावसाळ्यात विहारात मुक्कामाला असत, आणि आजारपणेही याच दिवसांतली. नेमके तेव्हाच कुंभाराचे काम मंदावते : भांडी वाळत नाहीत, सरपण ओले होते, आवा लावणे कठीण जाते. म्हणजे औषधांचा खर्च उन्हाळ्यातील कमाईच्या शिलकीतूनच भागवावा लागत असणार. हे माझे अनुमान आहे. पण अशी शिलक एकट्या घराला राखणे अवघड, संघटनेला शक्य.

१०/ पुढील काळात महाराष्ट्राच्या गावगाड्यात हाच कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून दिसतो. सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्यावर वर्षभर गावाला मडकी पुरवणारा. चाक तेच, माती तीच, आवाही जवळपास तोच. परंतु ठेवी स्वीकारणारी संघटना मागे राहिलेली नाही. कारागिराची प्रतिष्ठा केवळ त्याच्या कौशल्यावर अवलंबून नसते. तिच्यामागे कोणती संस्था उभी आहे यावरही ती ठरते, हे या दोन चित्रांतील अंतर सांगते.

११/ म्हणून जुन्या नाशकातील कुंभारवाड्यात माठ किंवा पणत्या घ्यायला जाल, तेव्हा ‘पारंपरिक कला’ एवढ्यावर थांबू नये. कला जपा म्हणणे सोपे आहे. कुंभारांना माती, सरपण, जागा आणि भांडवल कोणत्या संघटनेमार्फत मिळते, हा प्रश्न अधिक कठीण, आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक योग्य आहे.

१२/ पांडवलेणी पाहायला गेलात तर १० क्रमांकाच्या लेण्यात शिल्पांबरोबर भिंतीवरील अक्षरांसाठीही थोडा वेळ राखून ठेवा. तेथे राजाचे नाव आहे, दात्रीचे नाव आहे, तिच्या पित्याचे आणि पतीचेही आहे. कुंभारांपैकी एकाचेही नाव नाही. आजारी भिक्षूंच्या औषधाचा भार मात्र त्यांच्या चाकावर होता.